बाटलीवरच्या सात टिकल्या

२ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण त्याच मिनिटाला मी फोनवर एक छायाचित्र काढले. त्यात आमच्या जीपचे बॉनेट उघडे आहे, आत ब्रेक ऑईलची पांढुरकी प्लॅस्टिकची बाटली आहे, आणि बाटलीच्या अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या सात लाल टिकल्या एकाखाली एक चिकटवलेल्या आहेत. छायाचित्र काढून झाल्यावर मी त्या सातही टिकल्या नखाने खरवडून काढल्या आणि ओल्या फडक्याने बाटली पुसली. तेल बरेच खाली गेलेले दिसले, म्हणून पडवीतल्या डब्यातले तेल वरच्या रेषेपर्यंत ओतले. सात वाजून एकोणपन्नास मिनिटांनी मी बॉनेट बंद केले आणि हात धुतले.

बाबा त्या वेळी विहारात वंदनेला गेले होते. मी बॉनेट उघडले ते दुसऱ्याच कामासाठी. संध्याकाळी विहारातल्या मुलांना बंदिस्त द्रवातला दाब शिकवायचा होता, आणि त्यासाठी ब्रेकइतके चांगले उदाहरण मला सुचत नव्हते. पण टिकल्या दिसल्या आणि दाब बाजूला राहिला. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आहेत. त्या पाठ म्हणतच मी मोठी झाले. आमच्या जीपला कधी लिंबू-मिरची लागली नाही, दसऱ्याला नारळ फुटला नाही. त्या घरातला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी बाटलीला टिकल्या लावतो, याचा मला संताप आला आणि थोडी कीवही आली. जीपच्या रांगेत दिवस घालवून बाबांना इतर ड्रायव्हरांची लागण झाली, असे निदान मी उभ्याउभ्या केले.

त्याच दुपारी मी संशोधनासाठीचा अर्ज भरला. 'वैज्ञानिक दृष्टिकोन तुम्ही प्रत्यक्ष आयुष्यात कसा वापरला?' असा त्यात प्रश्न होता. उत्तरात मी टिकल्यांची हकिकत लिहिली. सुधारणेची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी लागते, असे शेवटचे वाक्य लिहिले आणि अर्ज पाठवून दिला.

बाबांची जीप कामरगाव ते कारंजा या रस्त्यावर चालते. सकाळी सातची पहिली फेरी बारावीच्या नऊ मुलींची असे. त्यांच्या आयांनी एसटी सोडून ही जीप निवडली होती, आणि त्यामागे एकच कारण होते: ड्रायव्हर. बाबा ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त घेत नसत आणि मुलगी कॉलेजच्या फाटकाच्या आत गेल्याशिवाय गाडी वळवत नसत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. हे त्यांनी स्वतः कधी सांगितले नाही. लोक सांगत आणि ते ऐकून घेत.

गुरुवारी, सहा तारखेला, मीही त्या फेरीला पुढच्या सीटवर बसले. मला कारंज्याला गुणपत्रिकांच्या प्रती काढायच्या होत्या. गावाबाहेर पडल्यावर नाल्याच्या पुलाआधी एक उतार आहे. बाबांनी तिथे नेहमीप्रमाणे ब्रेक दाबला. मी त्यांच्या पायाकडेच पाहत होते, कारण आदल्या रविवारी मी मुलांना हाच पाय समजावून सांगितला होता. पायडल अडले नाही. चिखलात पाय रुतावा तसे सावकाश खाली गेले आणि फरशीला टेकले. बाबांनी पाय उचलून पुन्हा दोनदा दाबला. थोडी पकड आली आणि सुटली. त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, आणि पुलाचा कठडा सोडून गाडी डावीकडे, शेताच्या बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात घातली. कपाशीची वाळलेली झाडे कडाकड मोडली. इंजिन बंद पडले.

"कोनाले लागलं? एकेक जन बोला!" बाबा मागे वळून ओरडले.

आठ मुली बोलल्या. नववी रडत होती. तिचा उजवा हात मधल्या लोखंडी दांड्यावर आपटला होता आणि मनगट डोळ्यांदेखत सुजत होते. बारावीची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

बाबांनी तिला दवाखान्यात नेण्यासाठी मागून येणारी गाडी थांबवली. ती गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडले आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"बाटलीत तेल हाय," ते म्हणाले. "मंग ब्रेक गेला कुठं?"

मग त्यांनी बाटलीवरून बोट फिरवले. वरून खाली, पुन्हा खालून वर. ते टिकल्यांच्या खुणा शोधत आहेत, हे मला दिसले; कशासाठी, ते त्या वेळी कळले नाही.

जीप ट्रॅक्टरने ओढून अंगणात आणली. संध्याकाळी बाबांनी आईला आणि मला समोर बसवले.

"बाटलीले कोनं हात लावला?"

"मले काय करा लागते त्या बाटलीशी?" आई म्हणाली. "माह्या टिकल्याची पाकिटं तेवढी तुमी संपवता."

"त्याच टिकल्या म्हनतो मी. सात आइतवार झाले, दर आइतवारी एक लावतो. तेल जिथं आलं तिथं टिकली. पह्यले टिकलीले टिकली लागून होती. मंग फट पडाले लागली. म्या म्हनलं, या आइतवारी आठवी लावतो अन् गाडी मिस्त्रीकडं घालतो. वंदनेहून आलो, बॉनेट उघडलं, तं बाटली भरेल अन् टिकली एक नाई. मले वाटलं, शनवारी गाडी हॉर्नसाठी मिस्त्रीकडं होती, त्यानंच काम करून देल्लं असन. म्हनून मी बिनघोर चालवली." ते माझ्याकडे वळले. "तू तं नाई ना हात लावला, बाई?"

ती मोजपट्टी होती. बाबांकडे पट्टी नव्हती, वही नव्हती. म्हणून त्यांनी आईच्या पाकिटातली टिकली घेतली आणि आठवड्याला एक नोंद केली. त्या क्षणी मला सगळे कळले, आणि त्याच क्षणी मी म्हणाले, "मला काय माहीत?"

घरी मी बाबांशी 'मले' म्हणते. ते एक वाक्य मात्र पुस्तकातले निघाले. बाबांच्या ते लक्षात आले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

अर्ध्या तासाने मी स्टीलची पट्टी घेऊन अंगणात गेले. तेल वरच्या रेषेपासून अकरा मिलीमीटर खाली आले होते. मी तो आकडा वहीत लिहिला. खोटे बोलून आल्यावरही माझा हात आकडा अचूक लिहितो, हे स्वतःबद्दल मला तेव्हा समजले.

शुक्रवारी मिस्त्री घरी आले. हे बाबांचे बालमित्र. आमच्या जीपला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला नाही.

"म्या हॉर्नचं वायर जोडलं, बास," ते म्हणाले. "बाटलीकडं माहा हात गेलाच नाई."

"मंग काय भूत येऊन भरून गेलं?"

"भूत कायले येते? घरचं काम भूत करत असतं तं म्या गॅरेज त्यालेच देल्लं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तूच भरलं असशीन, भाऊ. अन् इसरला असशीन. वय होऊन राह्यलं आता."

मिस्त्रींनी ते सहज म्हटले. बाबांनी ते सहज घेतले नाही. माझ्या आजीला, म्हणजे त्यांच्या आईला, शेवटच्या चार वर्षांत स्वतःची मुले ओळखू येत नव्हती. तिची सुरुवातही अशीच झाली होती: केलेले काम आठवत नसे आणि न केलेले आठवे.

मिस्त्रींनी जीप गॅरेजवर नेली आणि आपल्या पद्धतीने दोष शोधला. चारही चाकांखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली. दिवसभरात कागदावर एक डाग नाही. मागची चाके काढून ड्रम उघडले. आत ओल नाही. पाइप बोटाने चाचपत शेवटपर्यंत गेले. कोरडे. तेल बाहेर पडत नाही आणि बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली आहे, म्हणजे तेल जातच नाही, लाइनमध्ये हवा शिरली असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्यापाशी जेवढी माहिती होती, तेवढ्यावर तो निष्कर्ष बरोबर होता. त्यांनी चाकांतली रबरे बदलली, हवा काढली, आणि पायडल कडक लागले.

"आता घे. दगडावानी झालं."

"मी नाई चालवत आता," बाबा म्हणाले. "गाडी इकतो."

शनिवारी सकाळी त्यांनी आईला विचारले, "म्या चहा घेतला ना?" आईने हो म्हटले. तासाभराने पुन्हा विचारले. गॅस बंद आहे का, ते त्यांनी तीनदा जाऊन पाहिले. किल्ली खिशात असूनही खिसा चाचपत राहिले. मी समोर पुस्तक उघडून बसले होते. एका माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास माझ्यासमोर उडत होता. तो परत देणारे वाक्य पाच-सहा शब्दांचे होते. मी ते बोलले नाही.

का बोलले नाही, याचे उत्तर मी तेव्हाही शोधले होते. बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, त्यामुळे भीती शिक्षेची नव्हती. भीती होती ती आमच्या गल्लीची. 'शिकलेली' या शब्दाने तिथे मला ओळखतात. बाया लेकींना माझे उदाहरण देतात. त्या नवव्या मुलीची आईही देत असे. मला ते उदाहरण मोडायचे नव्हते, आणि त्यासाठी बाबा मोडले तरी दोन दिवस मला चालले. याहून सभ्य शब्दांत हे मांडता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

शनिवारी संध्याकाळी कळले की केनवडहून एक जण रविवारी जीप पाहायला येणार. बाजाराच्या दिवशी तो माणसे वाहतो. त्यावरून माझी झोप उडाली, असे लिहायला बरे दिसेल. खरे असे की मी वही उघडली आणि हिशोब मांडला. मिस्त्री म्हणतात, तेल जात नाही. पण रविवारी सात-एकोणपन्नासला पातळी वरच्या रेषेवर होती, आणि गुरुवारी संध्याकाळी ती अकरा मिलीमीटर खाली होती. ही गोष्ट जगात मला एकटीला ठाऊक होती. तेल जात होते. बाहेर पडत नव्हते, म्हणजे आतच कुठेतरी जात होते. चाके दुरुस्त झाली होती आणि दोष जसाच्या तसा होता. हवा काढल्यामुळे पायडल काही दिवस कडक राहील, आणि नंतर केनवडच्या रस्त्यावर दहा-बारा माणसांसह तीच गाडी दुसऱ्या उतारावर जाईल.

रविवारी सकाळी मी गॅरेजवर गेले. गिऱ्हाईक जुन्या टायरवर बसून चहा पीत होता. बाबा त्याला सांगत होते, "गाडी चांगली हाय. डरायवर खराब झाला."

"बाबा, गाडी इकू नका," मी म्हणाले. "बाटली म्या भरली होती."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "कवा?"

"मांगच्या आइतवारी. बाबा विहारात गेलते तवा."

"अन् टिकल्या?"

"त्याबी म्याच काढल्या."

"काहून?" हा प्रश्न बाबांचा होता.

मी फोनवरचे छायाचित्र पुढे केले. "मले वाटलं, तुमी गाडीची पूजा कराले लागले."

 मग मिस्त्री एकदम हसले. "अरे वा! एवढं शिकली, अन् टिकली दिसली का तुले देवच दिसला? आमी अनपढ, आमाले टिकलीत तेल दिसते!"

गिऱ्हाईकही हसला. मला ते हसणे सोसले. त्यानंतरचे सोसले नाही.

बाबांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी छायाचित्र मोठे केले आणि पडद्यावर बोट टेकवत टिकल्या मोजल्या. "सात. पाह्य, सातच हाय. म्या तुले सातच सांगतल्या होत्या ना?" त्यांनी फोन मिस्त्रींच्या नाकापुढे धरला. "म्हंजे मी इसरलो नोतो."

ते माझ्यावर रागावतील, याची मी तयारी करून गेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, फक्त सुटका होती. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी तोंड पुसले, मग डोळे पुसले, आणि दुपट्टा बराच वेळ तोंडावरच ठेवला. ही सुटका त्यांना तीन दिवस आधी मिळू शकली असती, हे त्यांच्या मनात आलेच नाही. माझ्या मनात ते तेव्हापासून आहे.

"चार दिवसांत अकरा मिलीमीटर?" मी वहीतला आकडा दाखवल्यावर मिस्त्री गंभीर झाले. "अन् कागदावर थेंब नाई. मंग ते तेल बूस्टरमंदी उतरून राह्यलं, भाऊ."

पायडल दाबले की मास्टर सिलिंडर चाकांकडे तेल ढकलतो. त्याच्या पाठीला बूस्टर नावाचा पत्र्याचा गोल डबा असतो, पायाचे काम हलके करणारा. दोहोंमधले रबर झिजले की तेल पुढे जाण्याऐवजी मागे या डब्यात झिरपते. बाहेर डाग नाही, चाकात ओल नाही. मिस्त्रींनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवले.

"इंजिन बंदच राहू दे. पाच-सहा वेळा दाब. आता पाय ठेव. जोर नको लावू, फकत धरून ठेव."

मी धरून ठेवले. सुरुवातीला पायडल अडलेले होते. मग तळव्याखाली ते सरकू लागले, इतके हळू की आधी वाटले माझाच पाय थरथरतो आहे. गुरुवारी बाबांच्या पायाखाली हेच झाले होते. मी ते चार फुटांवरून पाहिले होते; पायाला काय कळते, ते आता कळले.

मिस्त्रींनी दोन नट सोडून सिलिंडर पुढे ओढला. त्याची पाठ तेलाने ओली होती. बूस्टरच्या तोंडात नळी घालून त्यांनी सिरिंजने तेल ओढायला सुरुवात केली. सिरिंज पाच वेळा भरली. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी मोठ्याने मोजत होते.

नंतर मी ते छायाचित्र एकटीने नीट पाहिले. वरच्या तीन टिकल्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. पुढे फट पडते, आणि प्रत्येक फट आधीच्या फटीपेक्षा मोठी होत जाते. कागदावरच्या आलेखात हे दिसले असते तर मी डोळे मिटूनही सांगितले असते की ऱ्हासाचा वेग वाढतो आहे. बाटलीवर तेच दिसले तेव्हा मी फडके आणायला गेले.

त्या दुपारी मी जखमी मुलीच्या घरी गेले. तिचे मनगट पट्टीत होते आणि मांडीवर प्रश्नसंच होता. डाव्या हाताने ती पाने उलटत होती. मी तिच्या आईला सगळे क्रमाने सांगितले.

"म्हंजे तुह्या बाबाची चूक नोती," ती म्हणाली.

"नाई, काकू. माही होती."

"अन् तीन दिवस तू उगीमुगी राह्यली? तुमच्या दारात येऊन आमी त्याईले काय काय बोललो, त्याईनं आयकून घेतलं, अन् तू तिथंच उभी होती." तिने मुलीच्या हाताखालची उशी सरकवली. "खरं सांगतलं, बरं केलं. पन माही पोरगी आता एसटीनंच जाईन. तुह्या बाबाच्या गाडीचा राग नाई. मन होत नाई, बस."

 तिने चहा टाकला, आणि मला तो प्यावा लागला.

उरलेल्या आठ जणींच्या घरी बाबा आणि मी बरोबर गेलो. बोलायचे काम माझे होते. तशी अट बाबांनी घातली नव्हती, मी घातली होती. एकदाच, रस्त्यात, ते म्हणाले, "लय मिनिटं-सेकंद सांगू नको. सरळ सांग." मी सरळ सांगू लागले.

तो अर्ज मात्र परत घेता येत नाही. टिकल्यांची हकिकत आणि सुधारणेबद्दलचे वाक्य माझ्या नावावर तसेच आहे. कोणी ते वाचून मान डोलावली असेल.

नवा सिलिंडर बसवला त्याच संध्याकाळी बाबांनी बाटली वरच्या रेषेपर्यंत भरून पहिली टिकली लावली होती. पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, वंदनेला जाण्याआधी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात आईचे नवे पाकीट होते.

"तुही पट्टी आन. मी माह्यानं पाह्यतो, तू तुह्यानं पाह्य."

रोज फेऱ्या करूनही तेल हलले नव्हते. पहिल्या टिकलीखाली दुसरी लावायला जागाच नव्हती. बाबांनी थोडा विचार केला आणि ती शेजारी लावली. मी पट्टी धरली, तिरकस दिसू नये म्हणून गुडघ्यावर बसले, आणि लिहिले: फरक शून्य मिलीमीटर.

सोमवारी पेपर होता. सकाळी सातला जीप निघाली तेव्हा मी अंगणाच्या फाटकापाशी उभी होते. मागच्या दाराने चढणाऱ्या मुली मी मोजल्या आणि आकडा त्याच वहीत, आदल्या दिवशीच्या शून्याखाली लिहिला. नऊपैकी आठ.